एका घोटाचं नातं

ट्युनिस, ९ फेब्रुवारी २००४

तिजानीभाऊ,

सहा वर्षांनी पत्र लिहिते आहे आणि तेही काम पडलं म्हणून. हे तुझ्या लक्षात येईलच, तेव्हा मीच आधी लिहून टाकते. फोन करता आला असता, पण अतायात फोन वाजतो तो कॅफेत, आणि कॅफेत सकाळी बोललेलं दुपारच्या फेरीबोटीनं स्फाक्सला पोचतं.

मला रक्ताचा कर्करोग झाला आहे. नोव्हेंबरात कळलं. छापखान्यात सहावीच्या भूगोलाची मुद्रितं तपासत बसले होते आणि हिरडीतून रक्त येऊन पानावर पडलं. मला वाटलं लाल शाई सांडली. आठवडाभरात रुग्णालयात होते. केमोच्या दोन फेऱ्या झाल्या आहेत, केस गेले आहेत, आजार सध्या दबला आहे. माझ्यावर उपचार करणाऱ्या डॉ. सिहेम म्हणतात, दबला म्हणजे गेला नाही. असाच सोडला तर वर्षा-दोन वर्षांत परत येईल आणि मग आवरणार नाही. उपाय एकच, दुसऱ्या कुणाच्या तरी मूळपेशी. हाडांच्या पोकळीत रक्त तयार करणारं जे बियाणं असतं, ते माझं सगळं मारून टाकायचं आणि दुसऱ्याचं पेरायचं. दहा वर्षांपूर्वी चाळिशी उलटलेल्या बाईसाठी हा विषयही कुणी काढला नसता. आता काढतात.

बियाणं जुळावं लागतं, आणि जुळलं तर बहुधा सख्ख्या भावंडाचं. सख्खा भाऊ एकच, अमोर. तो मार्सेलहून येऊन रक्त देऊन गेला. त्याचं नाही जुळलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, आणखी भावंडं? मी नाही म्हणणार, तेवढ्यात खाटेच्या पायथ्याशी बसलेली झकिया आत्या म्हणाली, "आहे की. एक बेटावर आहे." त्यांनी लिहून घेतलं, भाऊ दोन. दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरणारी मी, डोळ्यांदेखत चूक लिहिली गेली आणि गप्प बसले.

आत्याच्या लेखी ती चूक नव्हतीच. बावीस वर्षांपूर्वी आपल्या निकाहच्या आठवडाभर आधी माझ्या आईनं, बय्यानं, मशिदीतल्या शेख अंमारांपुढे सांगितलं की तुझ्या आईला, मन्नूबिया मावशीला, विषमज्वर झाला होता तेव्हा तान्ह्या तुला माझ्या आईनंच अंगावर पाजलं होतं. एका दुधावरच्या दोघांचा निकाह होत नाही, तेव्हा त्या दिवशी तू नवरदेवाचा दूधभाऊ झालास. आत्या तेव्हापासून तुला आमच्यातच मोजते.

स्फाक्सच्या रुग्णालयात एक नळीभर रक्त द्यायचं आहे. चिठ्ठी सोबत आहे. नाही जमलं तर नाही, तसं कळव म्हणजे झालं.

दलेंदा

अताया, केरकेना, २२ फेब्रुवारी

दलेंदा,

रक्त देऊन आलो. आजाराचं वाचून वाईट वाटलं. हे रीत म्हणून लिहीत नाही.

तिथल्या पोरीनं आई-बापाचं नाव विचारलं, तुझ्या कागदावरचं बघितलं आणि म्हणाली, "काका, नावं वेगळी आणि तुम्ही भाऊ कसे?" मी म्हटलं दूधभाऊ. ती म्हणाली, "दुधाचं दही होतं, रक्त होत नाही." आणि 'भाऊ' खोडून 'चुलतभाऊ' लिहिलं. तेव्हा तू सोडलेली चूक एका विशीतल्या पोरीनं दुरुस्त केली आहे. छापखान्यात कळवू नकोस.

ऑक्टोपसचा हंगाम ऐन भरात आहे. ऑक्टोपस धरायची मडकी पाण्यात आणि मी स्फाक्सच्या बाकावर, असा एक दिवस गेला. ऑक्टोपसांची सोय झाली असेल. मासे अडवायला समुद्रात रोवलेल्या माझ्या झावळ्यांच्या कुडाला वाऱ्यानं दोन भगदाडं पाडली आहेत, ती बुजवतोय. बाकी बेट होतं तिथंच आहे.

जुळेल असं धरून बसू नकोस. सहा वर्षांचा विषय तू काढलास. मी काढत नाही.

तिजानी

ट्युनिस, १७ मार्च

तिजानीभाऊ,

जुळलं. दहा खुणा बघतात, दहाच्या दहा जुळल्या. डॉक्टरबाईंनी कागद दोनदा मागवला. चुलतभावाचं एवढं जुळत नाही, म्हणाल्या, आणि मग माझ्यापुढे बसून आपल्या घराचा वंशवृक्ष काढायला लागल्या. आपले वडील सख्खे भाऊ, आया सख्ख्या बहिणी, आजोबा-आजी चुलत भावंडं, त्यांचेही आईबाप तसेच. काढता काढता कागदावर वृक्षाऐवजी जाळं झालं. त्या म्हणाल्या, "पाच पिढ्या तुम्ही घरातल्या घरात लग्नं केलीत, त्याचा आज पहिल्यांदा उपयोग झाला." म्हणूनच आपल्याकडे आता भावंडांवर न थांबता चुलत-मावस सगळ्यांचीच तपासणी करायला लागले आहेत. दुसऱ्या देशांत अर्ध्या जुळणीवरही प्रयत्न चालू आहेत, पण इथं अजून तो धीर कुणी केलेला नाही.

आत्याला हे कारण पसंत नाही. तिनं सगळ्या वॉर्डाला सांगितलं की बय्याचं दूध होतं ते, वाया कसं जाईल. डॉक्टरबाई म्हणाल्या, दूध पोटात जातं, हाडात जात नाही. बायकांनी मान डोलावली आणि त्या खोलीबाहेर गेल्यावर आत्याचंच खरं धरलं.

आता नीट वाच. मला १८ एप्रिलला दाखल करणार. १९ला देणाऱ्याची शेवटची सही. २०पासून जी औषधं देतील त्यांनी माझं स्वतःचं बियाणं आठवडाभरात संपेल. २७ला तुझ्या पेशी. पूर्वी देणाऱ्याला भूल देऊन कमरेच्या हाडातून काढायचे. आता चार-पाच दिवस सुया टोचतात, पेशी हाडातून रक्तात उतरतात आणि दंडाला नळी लावून यंत्र त्या गाळून घेतं. हाडं दुखतात म्हणे, पण उठून घरी जाता येतं.

देणाऱ्याला एक गोष्ट स्पष्ट सांगायची, असा त्यांचा नियम आहे, म्हणून सांगते. २० तारखेआधी तू कधीही नाही म्हणू शकतोस. २० नंतर तू नाही म्हणालास तर मी मरेन. मधला रस्ता नाही.

आणखी एक लिहायचं होतं. आज राहू दे.

दलेंदा

अताया, २८ मार्च

दलेंदा,

येतो. स्फाक्सला माझं हृदय, यकृत, दात सगळं बघितलं. डॉक्टर म्हणाला चव्वेचाळीसच्या मानानं बरा आहेस. मी म्हटलं, बेटावर दुसरं काही व्हायला जागाच नाही.

दहापैकी दहा हे झकिया आत्यानं कॅफेत फोन करून सांगितलं, म्हणजे तुझ्या पत्राच्या पाच दिवस आधी गावाला कळलं होतं. तुझं गुपित राखण्याचं काम आत्याकडे देत जा. शेख अंमार आता ऐंशीचे झालेत, ते काठी टेकत माझ्या दारात आले आणि बय्याच्या एका घोटाची बरकत बघ म्हणाले. बायका माझ्याकडे अशा बघतात की मी काहीतरी केलंय. मी काही केलेलं नाही. दुधाबद्दल कोण काय म्हणतं ते मी ऐकून घेतो आणि जाळं विणत बसतो.

१९ आणि २०चा हिशेब समजला. मला अक्षरं वाचता येतात.

तुला आणखी काय लिहायचं होतं ते लिही. १९च्या आधी लिही.

तिजानी

ट्युनिस, ६ एप्रिल

तिजानी,

दूध नव्हतं.

माझ्या आईनं तुला कधीही पाजलेलं नाही. मावशीला विषमज्वर झाला होता एवढं खरं. तेव्हा तुला शेळीच्या दुधावर ठेवलं होतं. बाकीचं मी रचलं. मी एकवीस वर्षांची होते, ट्युनिसला नोकरीचं पत्र आलं होतं, आणि आजोबांनी तुझं-माझं ठरवून टाकलं होतं. मी नाही म्हटलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि मांडवाचं बोलायला लागले. तुझ्यात काही खोट होती असं नाही. मला बेटावर राहायचं नव्हतं, आणि तू बेट सोडणार नव्हतास.

आजोबांना मोडता येणार नाही अशी एकच गोष्ट होती. ती मी आईला सुचवली. ती तीन दिवस रडली. मग तयार झाली आणि म्हणाली, दोन-तीनदा पाजलं असं सांगते. मी म्हटलं, एकदाच सांग. आपल्या मजहबात एका घोटानं नातं होतं, मग जास्त कशाला सांगायचं. तिच्या बोलण्यातून जादा शब्द मी काढून टाकले. ते माझं पहिलं मुद्रितशोधन. तिनं कुराणावर हात ठेवून शेखांना सांगितलं, आणि त्यानंतर सोळा वर्षं, मरेपर्यंत, तिनं माझ्यासमोर तुझं नाव काढलं नाही.

तू मात्र खरोखरच भाऊ झालास. मी एकटी राहते म्हणून दर हिवाळ्यात ट्युनिसला यायचास, वाळवलेला ऑक्टोपस आणि जवाचं पीठ घेऊन. माझ्या खोलीचं कुलूप बदललंस. घरमालकाला दम दिलास. मी डोक्यावर काही न घेता तुझ्यासमोर बसायचे आणि दर वेळी ठरवायचे की आज सांगायचं. नाही सांगितलं. तू भाऊ म्हणून हवा होतास, आणि फुकट मिळाला होतास. आईच्या दफनानंतर तू यायचा थांबलास, तेव्हा मला वाटलं, बरं झालं, आता सांगायला नको.

हे आज लिहिण्याचं कारण तुला कळलं असेल. २० नंतर लिहिलं असतं तर तुला नाही म्हणता आलं नसतं. अजून येतं. नाही आलास तर मी डॉक्टरबाईंना सांगेन की देणारा आजारी पडला. बेटावर खरं कुणाला कळणार नाही.

मला जगायचं आहे. फार जगायचं आहे. तेही लपवत नाही.

दलेंदा

ट्युनिस, १५ एप्रिल

तिजानी,

तुझं पत्र नाही. वाऱ्यामुळे फेरीबोट तीन दिवस बंद होती हे आत्याकडून कळलं, पण ती आता सुरू होऊनही चार दिवस झाले. कॅफेत फोन केला. तिजानी समुद्रावर आहे म्हणाले. दुपारी केला, तेव्हाही समुद्रावर. इतका वेळ समुद्रावर तर ऑक्टोपसही राहत नसेल.

मी तुझ्यावर घाई करत नाही. १९ तारीख माझी नाही, रुग्णालयाची आहे. त्या दिवशी दुपारी चारला डॉक्टरबाई विचारायला येतील. हो किंवा नाही एवढंच कळव. नाही असेल तर तेच शब्द लिही, बाकी काही लिहू नकोस. मी कारण विचारणार नाही, मला ते ठाऊक आहे.

दलेंदा

ट्युनिस, १९ एप्रिल

दलेंदा,

तुझ्या इमारतीखालच्या बाकावर बसून लिहितोय. वर सोडत नाहीत. परिचारिकेच्या हाती देतो.

सही केली आहे. आधी ते सांगतो, मग पुढचं शांतपणे वाच.

मला माहीत होतं. सहा वर्षांपूर्वी बय्या मावशी जायच्या दोन दिवस आधी तिनं मला बोलावलं, सगळ्यांना बाहेर काढलं आणि सांगितलं. तू रचलंस हे नाही सांगितलं, सगळं स्वतःवर घेतलं. पण शेख अंमारांना पटेल असं नेमकं बोलणं मावशीला कुठून सुचणार. ती म्हणाली, माफ कर. मी म्हटलं, केलं. ती तेवढं ऐकून गेली. ते खोटं होतं. तिनं एक खोटं सांगितलं होतं, मी एक सांगितलं, तिथं बरोबरी झाली.

लग्न मोडल्याचा राग नाही. त्याचं दुःख तीन-चार वर्षांत सरलं. पुढं मी लग्न केलं ते आपोआप मोडलं, त्यात तुझा हात नाही. मला लागलं ते वेगळंच. मी सोळा वर्षं पिठाची पोती खांद्यावर घेऊन तुझे जिने चढलो, बहिणीकडे जातो म्हणून, आणि दार उघडणारीला ठाऊक होतं की हा कुणी नाही. तू मनात हसत असशील असं मला वाटायचं. हसत नव्हतीस हे तुझ्या पत्रावरून कळलं. पण सहा वर्षं मी तसंच धरून बसलो होतो.

मी वाट बघत होतो की तू स्वतः सांगशील. सहा वर्षांनी पत्र आलं, तर त्यात एक नळी रक्त मागितलेलं. स्फाक्सला गेलो तेव्हा मनात म्हणत होतो, न जुळो, म्हणजे मी सुटलो. जुळलं. मग तुझी कबुली आली. मी घरीच होतो, समुद्रावर नव्हतो. कॅफेवाल्याला तसं सांगायला मीच सांगितलं होतं. तुला वाट बघायला लावायची होती. चार दिवस लावली. पाचव्या दिवशी जाळं विणायला घेतलं तर गाठ बसेना, तेव्हा उठलो आणि पिशवी भरली.

तुझ्या डॉक्टरबाईंनी विचारलं, कुणाच्या दबावाखाली तर देत नाही ना. मी म्हटलं, बाई, माझ्यावर दबाव घालणारी माणसं सगळी मेली आहेत.

माफ केलं असं लिहीत नाही. तो शब्द मी एकदा खोटा वापरून बसलोय. पेशी देतो. त्या खऱ्या आहेत.

तिजानी

ट्युनिस, १३ मे

तिजानी,

तोंडभर फोड आहेत, बोलता येत नाही, पण लिहिता येतं. मला वेगळ्या खोलीत ठेवलं आहे. आत येणारा प्रत्येक जण तोंड-हात-पाय झाकून येतो, त्यामुळे परिचारिका कोणती ते मी चपलांवरून ओळखते.

तुझी पिशवी २७ला दुपारी लावली. मला वाटलं होतं मोठा सोहळा असेल. टोमॅटो घातलेल्या पातळ सारासारखं काहीतरी दिसत होतं, चाळीस मिनिटांत संपलं, आणि परिचारिका म्हणाली झालं. त्यानंतर रोज सकाळी आकडा सांगायला येतात. पांढऱ्या पेशी शून्य. दुसऱ्या दिवशी शून्य. असे अकरा दिवस शून्य ऐकलं. सातव्या दिवसापासून मला खात्री होती की तुझ्या पेशींनी माझी ओळख पटवून घेतली आहे आणि त्या परत फिरल्या आहेत. बाराव्या दिवशी दोनशे. काल सहाशे. आज हजाराच्या वर. डॉ. सिहेम दोन वेळा मोजून घेतात, हे मला त्यांचं फार आवडतं.

तू २८लाच परत गेलास असं कळलं. कंबर दुखत होती, तरी बसनं गेलास. तुला भेटले नाही, भेटूही देत नव्हते. भेटले असते तरी काय बोलले असते कुणास ठाऊक. आभार मानते. एवढाच शब्द आहे माझ्याकडे, आणि तो फार लहान आहे.

दलेंदा

अताया, २० जून

दलेंदा,

घरी सोडलं हे आत्यानं कॅफेला कळवलं. बरं वाटलं. माझी हाडं चार दिवस दुखली, म्हाताऱ्या गाढवावर सामान लादल्यासारखं वाटत होतं, मग थांबली.

आता इथलं ऐक. तू वाचलीस आणि गावाला खूळ लागलं. हलीमाच्या सुनेनं शेजारच्या नाजीच्या पोरीला बोलावून अंगावर पाजलं. का, तर उद्या आपल्या पोराला दलेंदासारखं झालं तर देणारी शेजारीच असावी. तिचं बघून आणखी तिघींनी केलं. आता चार घरांतली सात तान्ही एकमेकांची भावंडं झाली आहेत. गावात घरं किती ते तुला माहीत आहे. वीस वर्षांनी ही पोरं लग्नं कुणाशी करणार, मुलेट माशांशी? नाजीची आई तर रडतेय, तिनं त्यातला एक नातजावई मनात धरला होता.

दवाखान्यातल्या डॉक्टरनं समजावलं. त्याला म्हणाल्या, तू स्फाक्सचा, तुला आमच्या दुधाचं काय कळतं, तिजानीला विचार. मला विचारलं. मी समुद्राकडे बघितलं. महिनाभर मी समुद्राकडेच बघतोय, मान आखडली.

मी बोललो तर एका वाक्यात संपेल. पण ते वाक्य मावशीच्या शपथेवर पडेल, आणि तिचं नाव मी घालवणार नाही. ते तुझं काम आहे. घालवायचं की पोरं एकमेकांची भावंडं होऊ द्यायची, तू ठरव. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही.

तिजानी

ट्युनिस, ५ ऑगस्ट

तिजानी,

उत्तराला उशीर झाला. मध्ये कातडीवर पुरळ आलं होतं. तुझ्या पेशी माझ्या अंगाशी भांडताहेत, असं डॉ. सिहेम म्हणाल्या. मी घाबरले, तर त्या म्हणाल्या थोडं भांडण चांगलंच असतं, भांडता भांडता माझ्यात लपून राहिलेल्या आजारी पेशीही त्या मारतात. औषधानं ते आटोक्यात ठेवायचं, पार मिटवायचं नाही. तेव्हा तुझा राग माझ्या कामी येतो आहे.

शंभर दिवस झाले म्हणून तपासणी केली. आजार सापडला नाही. पुढची दोन वर्षं बघत राहायचं आहे, पण आज सापडला नाही. माझ्या रक्तातल्या सगळ्या पेशी पुरुषाच्या निघाल्या. माझा रक्तगट 'बी' होता तो मागं पडत चालला आहे, तुझा 'ओ' येतो आहे. प्रयोगशाळेतल्या नव्या मुलीनं नळीवरचं बाईचं नाव बघून नमुना परत पाठवला होता, अदलाबदल झाली म्हणून. मी म्हटलं, चूक नाही, तसंच राहू द्या.

तुझ्या पत्रावर सहा आठवडे विचार केला. आईचं नाव जाईल याचं मला फार वाईट वाटतं आहे. पण आई सोळा वर्षं त्या शपथेखाली दबून गेली, ती मीच तिच्यावर ठेवली होती. आता सात पोरांवर ठेवायची नाही. खालचा मजकूर शुक्रवारी नमाजानंतर मशिदीबाहेर सगळ्यांना वाचून दाखव.

"मी दलेंदा, बय्याची मुलगी. माझ्या आईनं तिजानीला दूध पाजलं नव्हतं. लग्न मोडावं म्हणून मी तिला तसं सांगायला लावलं. शपथ तिची होती, पाप माझं आहे. मी वाचले ती दुधानं नाही. तिजानीच्या पेशी जुळल्या, कारण आमचं घर पाच पिढ्या आपसातच लग्नं करत आलं आहे, आणि त्यानं त्या दिल्या, कारण त्यानं द्यायचं ठरवलं. आपली मुलं दुसऱ्यांच्या अंगावर पाजू नका. कुणाला असा आजार झालाच तर सगळ्या भावकीनं एक-एक नळी रक्त द्या. तेवढं पुरतं."

एकही शब्द बदलू नकोस. मी चारदा तपासला आहे.

दलेंदा

अताया, २२ ऑगस्ट

दलेंदा,

वाचलं. शब्द बदलला नाही. एक ओळ दोनदा वाचली गेली, तेवढं छपाईतली चूक समज.

वाचून संपलं. मग शेख अंमार खाली बसले. मला वाटलं चक्कर आली. म्हणाले, बावीस वर्षांपूर्वी बय्यानं शपथ घेताना मान वर केली नव्हती, मला वाटलं होतं लाजली असेल. तिच्यासाठी त्यांनी तिथंच दुवा मागितली आणि सगळ्यांना मागायला लावली. तिचं नाव गेलं असं मला दिसलं नाही. तुझं गेलं. हलीमा तर म्हणाली, शिकलेल्या पोरींचं असंच असतं, आणि मग विचारलं, माझ्या नातवाचं काय? शेख म्हणाले, "पाजलं ते पाजलं, तुमची नाती पक्की. न पाजलेलं एकच निघालं, ते तिजानीचं." निदान आठवं पोर वाचलं.

मग कॅफेत म्हातारा मबरूक, जो बावीस वर्षांपूर्वी आपल्या लग्नाला माशांची टोपली देणार होता, त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "काय रे तिजानी, दूधबहीण नाही, बायको नाही, मग आता ती तुझी कोण?"

सगळे हसायला तयार बसले होते. मी कॉफी संपवली. म्हटलं, "खोटारडी आहे. पण माझ्या रक्ताची आहे."

कुणी हसलं नाही. मलाही बोलून झाल्यावर कळलं की मी काय बोललो.

पुढच्या महिन्यात कुडासाठी झावळ्या तोडायच्या आधी ट्युनिसला येतो. पीठ आणतो. ऑक्टोपस आणू का ते डॉक्टरबाईंना विचारून कळव. आता मी परका पुरुष, तेव्हा आत येऊन बसायचं तर तुला दार उघडं ठेवावं लागेल. ठेव.

तिजानी